आनंदरावांची गच्ची

गेनबा गवंडी भोंगवलीचा. त्याच्या हाताखाली मी अकरा वर्षं चुना मळला. चुन्याच्या कोब्यात त्याच्या तोडीचा माणूस भोर तालुक्यात नव्हता.

एकतीस साली भोरच्या आनंदराव व्यापाऱ्यांनी त्याच्याकडून तळघरावरची गच्ची करून घेतली. तळघरात भाताची पोती. कोबा नऊ दिवस लाकडी थापीनं बडवायचा, अंगठ्याचं नख उमटेनासं होईपर्यंत. पाचव्या दिवशी आनंदराव म्हणाले, "परवा घरात लग्न आहे. ही बडवाबडवी बंद कर, फरशी टाक." गेनबा दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा ऐकलं. ती त्याची चूक.

पावसाळ्यात तळघर गळलं. आनंदरावांनी आळी जमवली आणि गेनबाला थेंबाखाली उभं केलं. "हा बघा भोंगवलीचा कारागीर." माणसं हसली. पुढं सहा वर्षं त्याला कोब्याचं काम मिळालं नाही. रस्त्यावर खडी फोडली.

सदतीसच्या वैशाखात आनंदरावांचाच निरोप आला. दोन गवंड्यांनी डागडुजी करूनही गळती थांबली नव्हती. मला वाटलं, गेनबा जाणार नाही. तो दुसऱ्याच दिवशी गेला. फरशी उचलली, सगळा कोबा खणून काढला आणि तंबाखू मळत बसला. एकाच्या उघड्या कामाला दुसरा गवंडी हात लावत नाही, ही आमची रीत.

"काम का थांबलं?" आनंदरावांनी विचारलं.

"त्या दिशी हसलेली माणसं बोलवा. बडवणी कुणी थांबवली ते त्यास्नी सांगा. मग हात लावतो."

"माझ्या घरात मलाच अट?"

बडवायला आलेली सगुणाबाई म्हणाली, "घर तुमचंच हाय जी. पाऊस बी आता तुमच्याच घरात येनार."

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी वळीव गडगडला. दुपारपर्यंत आळी जमली.

"मीच थांबवली," आनंदराव खाली बघत म्हणाले.

"मोठ्यानं," गेनबा म्हणाला.

त्यांनी पुन्हा सांगितलं. कुणी हसलं नाही.

नवा कोबा घातला, नऊ दिवस बडवला. मग कडेनं बांध घालून गच्ची तीन दिवस पाण्यानं भरून ठेवली. तळघर कोरडं.

"झालं ना समाधान?" आनंदराव म्हणाले.

"म्या सहा वर्सं खडी फोडली. तुमी एक डाव बोलला."

पुढल्या साली त्यांच्या न्हाणीघराला ओल आली. निरोप आला तेव्हा आम्ही शेजारच्याच गच्चीवर कोबा बडवत होतो. त्यांच्या घरात थापीचा आवाज सरळ जात होता.

"हात दुखतोय म्हनावं," गेनबा म्हणाला, आणि बडवत राहिला.