नवरी स्पष्ट, आई पुसट

सना शहराच्या जुन्या वस्तीत नबीहाला सगळ्या बायका ओळखतात. ती मोकळी नसेल तर लग्नाची तारीखसुद्धा पुढे ढकलतात. बायकांच्या बैठकीत पुरुषाची सावलीही चालत नाही, पाहुण्यांचे फोन दारातच काढून घेतात, आणि आत कॅमेरा जातो तो एकट्या नबीहाचा. मुठीत मावणारा, कोपऱ्यांवर रंग उडालेला. समारंभ संपला की ती त्यातलं कार्ड काढून नवरीच्या हातात ठेवते आणि रिकामा कॅमेरा घेऊन घरी येते. आपलेच फोटो मोठे करून बघणं तिच्या नशिबात नाही. आजवर जे काही काढलं ते तिने काडेपेटीएवढ्या पडद्यावरच पाहिलं. म्हणून तर तिला घरात घेतात.

मी तिची शेजारीण. लग्नघरी बायकांच्या गालांशी सब्ज्याचे तुरे खोचायचं काम माझं, त्यामुळे आमची जोडी ठरलेली. बाई तोंडाळ, पण कामाला चोख. फ्लॅशवरून तर तिचं आणि जगाचं कायमचं भांडण.

“बंद कर गं ती वीज! पीठ फासल्यासारखे चेहरे येतात,” बायका ओरडायच्या.

“पीठ परवडलं, चिखल नको,” नबीहा म्हणायची. “फ्लॅश उडतो तेवढ्यात तुझी पापणीसुद्धा हलत नाही. तो नसला की हा मेला कॅमेरा डोळा उघडा टाकून बसतो, आणि तेवढ्यात जे हललं ते फरफटलं. मग मला शिव्या घालायच्या नाहीत.”

हे सगळं तिला ठाऊक होतं, म्हणूनच पुढचं तिला पचलं नाही.

इफ्तिकारचं लग्न होतं. मुलगी नवऱ्याबरोबर परदेशी जाणार होती. तिची आई, हज्जा कातिबा, उभ्या आयुष्यात कॅमेऱ्यासमोर बसलेली नव्हती. मोतीबिंदू काढून थोडेच दिवस झाले होते, सारखे डोळे पुसत होती. मुलीने गळ घातली, मावश्यांनी भरीला घातलं, तेव्हा कुठे म्हातारी मुलीशेजारी गादीवर टेकली.

“एकच काढ हो. दुसरा म्हणालीस तर उठून जाईन.”

समोरच्या गच्चीवरून कुणी बघू नये म्हणून पडदे ओढलेले. खोलीत हुक्क्याचा धूर, दिवे मिणमिणते. आणि नबीहाच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपत आलेली. लाल खूण लुकलुकत होती. नवरीची मिरवत येण्याची घटका अजून बाकी होती, आणि ती हुकली असती तर सासरच्यांनी नबीहाला पुन्हा कुठल्या दारात उभं राहू दिलं नसतं. बॅटरी सगळ्यात जास्त खातो तो फ्लॅश. तिने तो बंद केला. वर मोठ्याने म्हणाली, “हज्जा, तुमच्या डोळ्यांना त्रास नको, म्हणून बंद करते हो.”

म्हातारीने तिला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि भरल्या खोलीत दुवा दिली. “एवढं माझ्या पोटच्यांनासुद्धा सुचलं नाही गं.”

नबीहाने उशांच्या चळतीवर कॅमेरा टेकवला आणि बटण दाबलं. आमच्याकडे नवरी दगडासारखी बसते, नजर खाली, हसायचं नाही, हलायचं नाही. तिने कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर नवरी पाहिली. नवरी छान आली होती. मिरवणुकीचे फोटो तर फ्लॅशमध्ये लखलखीत निघाले, आणि कार्ड नवरीच्या हातात गेलं.

त्या हिवाळ्यात हज्जा कातिबा गेली. इफ्तिकारला वेळेवर पोचता आलं नाही. मग गल्लीत कुजबुज आली की मुलीने आईचा तो फोटो मोठा करून घेतला, आणि त्यात आईला तोंडच नाही.

नबीहा वाळत गेली. लग्नाची बोलावणी परतवू लागली. मी समजूत घालायला गेले. “अगं, तू म्हातारीच्या डोळ्यांचं बघितलंस. चांगलंच केलंस की.” तशी ती अशी रडायला लागली की मला दार लावून घ्यावं लागलं. तेव्हा तिने मला बॅटरीचं सांगितलं. फोटो बिघडल्याचं दुःख तिला होतंच, पण त्या दुवेचं ओझं तिला उचलवत नव्हतं. चोरून घेतलेली दुवा परत कुणाला करायची?

इफ्तिकार माहेरी आली आणि तिने निरोप धाडला. एकटीने जायची नबीहाची छाती होईना, म्हणून मी गेले बरोबर.

त्याच खोलीत बसलो. इफ्तिकारने कॉफीच्या सालींचं गरम किशर प्याल्यांत ओतलं, फोटो पुढे केला. तिच्या कपाळावरचा मोतीन् मोती मोजून घ्यावा असा स्पष्ट. शेजारी आईचा झगा, आईचा हात, आणि चेहऱ्याच्या जागी ओल्या बोटाने पुसल्यासारखा एक पट्टा. म्हातारी नक्कीच काहीतरी करत होती. मी तेव्हा पलीकडच्या खोलीत तुरे खोचत होते, मला काय दिसणार?

“बये, तुला दोष द्यायला नाही बोलावलं,” इफ्तिकार म्हणाली. “आईच्या डोळ्यांसाठी केलंस. ती फोनवर दर वेळी तुझं नाव काढायची. एवढंच सांग, ती काय करत होती? मला काही सांगत होती का? माझ्यावर दुवा फुंकत होती? मावश्या म्हणतात, त्या माझ्याकडेच बघत होत्या. तूच तेवढी समोर होतीस.”

मी नबीहाला कोपर मारलं. हो म्हण, बाई! एका शब्दाने पोरीचा जन्म सुखाचा झाला असता. मी तरी हो म्हटलं असतं.

नबीहाने प्याला खाली ठेवला. “डोळ्यांसाठी नव्हतं बंद केलं. बॅटरी संपत आली होती. तुझ्या मिरवणुकीसाठी राखली. आणि मला माहीत नाही गं ती काय करत होती. मी त्या लाल खुणेकडे बघत होते.”

मला वाटलं, आता ही आम्हाला जिन्यावरून ढकलणार. पण इफ्तिकारने फोटोतल्या स्वतःच्याच झुकलेल्या नजरेवर बोट ठेवलं.

“तू बॅटरीकडे बघत होतीस,” ती म्हणाली, “आणि मी जमिनीकडे. आईकडे कुणीच बघत नव्हतं.”