चव सांगणारा नवरा

बेकरीत तिचं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून सगळी इमारत तिला बेकरीकाकू म्हणायची. सुरुवातीला ती तिथे काउंटरवर होती. पुढे मालकाने तिला आत भट्टीपाशी नेलं ते तिच्या नाकासाठी. अंडं शिळं आहे, लोण्याला फ्रीजचा वास लागलाय, बदाम खवट व्हायला लागलेत, हे ती डबा उघडताक्षणी सांगायची. साखर वितळवून कॅरॅमल करताना तिने कधी घड्याळाकडे पाहिलं नाही. साखरेचा वास गोडाकडून कडूकडे झुकू लागला की ती पातेलं उतरवायची. बघणाऱ्याला वाटायचं, काकूचा अंदाज पक्का आहे. अंदाज कसला, सगळं काम नाक करत होतं.

एका हिवाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिची वासाची जाण घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित नाहीही येणार. काही महिने तिने वाट पाहिली. साबण, कॉफी, रॉकेल, जे हाताला लागेल ते नाकाशी धरून पाहिलं. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढंच कळायचं, बाकी सगळं जेवण पुठ्ठ्यासारखं. मग तिने स्वतःच मालकाला सांगितलं की आता ती येणार नाही. तो म्हणाला, पुन्हा काउंटरवर उभ्या राहा. ती राहिली नाही.

नवरा मालाच्या यार्डात क्रेन चालवायचा. माणूस अबोल. पानात पडेल ते खायचा आणि शेवटी एकच शब्द बोलायचा, "छान." भाजी करपली तरी छान, भात कच्चा राहिला तरी छान. मुलगी त्याची थट्टा करायची, "बाबांना कोरडा पाव द्या, तरी छानच म्हणतील." तिचं लग्न होऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली होती आणि रविवारी यायची.

पुढे क्रेनच्या शिडीवर चढता चढता नवऱ्याच्या छातीत कळ आली. दवाखाना झाला, छोटं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी लोणी-साखरेला कात्री लावली. त्याने सगळं मुकाट्याने मान्य केलं. फ्रीजवर एक डबा असायचा, त्यात बेकरीकाकूच्या हातच्या चॉकलेट, कॅरॅमल आणि अक्रोडाच्या कुकीज असायच्या. आता तो डबा धुवून पालथा ठेवला होता. नवरा येता-जाता त्याच्याकडे पाहायचा आणि पुढे जायचा. मागितलं असतं तर ती रागावली असती. तो मागत नव्हता, हेच तिला बघवेना.

मग तिने हलक्या कुकीज करायचं मनावर घेतलं. लोणी निम्म्यावर आणलं, उरलेल्याच्या जागी घट्ट दही घातलं. थोडा मैदा काढून ओट्स दळून घातले. साखरेच्या कॅरॅमलऐवजी कोमट पाण्यात भिजवलेला खजूर चिमूटभर मीठ घालून वाटला. चॉकलेटच्या वड्यांऐवजी बिनसाखरेचा कोको घेतला. अक्रोड घरात होतेच, ते भाजून घातले. रंग चांगला आला, कडाही कुरकुरीत झाल्या.

"कशा झाल्यात?"

"छान," तो म्हणाला आणि चहाबरोबर आणखी दोन खाल्ल्या.

रविवारी मुलगी आली. तिने एक कुकी तोंडात टाकली आणि तोंडावर हात धरून बेसिनकडे धावली.

"आई, अक्रोड खवट आहेत! जुन्या तेलासारखा वास मारतोय. तुला कळलं नाही?"

बेकरीकाकूने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मग छान कशाला म्हणालात?"

"एवढ्या खपून केल्या होत्यास. तुला वाईट वाटलं असतं."

"मग आजवर जे जे छान म्हणालात, त्यातलं खरंच छान काय होतं?"

त्याने मदतीसाठी मुलीकडे पाहिलं. मुलीने पर्स उचलली आणि तिला बस पकडायची असल्याचं सांगितलं.

नंतरचे काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. बेकरीकाकू उकडलेल्या भाज्या पुढे ठेवायची आणि कशा झाल्या ते विचारायची नाही. राग अक्रोडांचा नव्हता. तिला स्वतःचं नाक होतं तोवर नवऱ्याच्या शब्दाला तिच्या लेखी फारशी किंमत नव्हती. म्हणाला तर बरं, नाही म्हणाला तरी चालेल. आता तोच शब्द तिचा आधार झाला होता, आणि आतून तो पोकळ निघाला होता.

एका सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. बरंच बोलायचं असलं की तो दाराची चौकट धरायचा.

"वर केबिनमध्ये बसलं की कधी कधी खालचं काही दिसत नाही," तो म्हणाला. "खाली उभा असलेला माणूस हाताने खूण करतो, तसं उचलायचं, तसं ठेवायचं. त्याने माझं मन राखायला चुकीची खूण केली, तर माल कुणाच्या तरी डोक्यावर जाईल."

"बरं, मग?"

"मग काय. या वेळी खाली मी होतो. आणि खूण चुकीची केली."

ती भांडी पुसत राहिली. हातातलं ताट मांडणीवर ठेवून म्हणाली, "पुन्हा केलीत तर?"

"नाही करणार."

"मग या आत. तिथून काय चव कळणार आहे?"

अडचण अशी की त्याच्याकडे शब्दच नव्हते. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "बरी नाही लागत." ती म्हणाली, "बरी नाही म्हणजे काय? कच्ची लागते, कडू लागते, का पिठूळ लागते?" तो डोळे मिटून चघळत बसायचा. हळूहळू जमायला लागलं. "कोको घशात धुरळ्यासारखा बसतोय." मग तिने कोको आधी गरम दुधात कालवला. "खजूर पुढे पळतो, चॉकलेट मागे राहतं." मग खजूर कमी केला. "कॅरॅमल वाटतच नाही, नुसता खजूरच." यावर मात्र ती अडली.

शेवटी तिने ठरवलं की एक चमचा साखर खरीखुरी जाळायची आणि खजुरात मिसळायची. कॅरॅमलचा कडवटपणा तेवढ्यानेही येतो. पण जाळायची कुठवर, हे नाकाशिवाय कळायचं नाही, आणि स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटमध्ये रंगावर भरवसा नव्हता. तिने नवऱ्याला पातेल्यावर वाकवून उभं केलं. पहिल्यांदा तो "आता!" म्हणेपर्यंत धूर निघाला. दुसऱ्यांदा घाबरून फार लवकर म्हणाला. त्यापुढच्या वेळी म्हणाला तेव्हा तिने पातेलं उतरवलं, जिभेला लावून पाहिलं. कडू होतं, आणि हवं तेवढंच कडू होतं.

खरं बोलायची सवय लागली की ती एका पदार्थापाशी थांबत नाही. एकदा जेवताना तो म्हणाला, "तुझं ते वाटाण्याचं सूप मला कधीच आवडलं नाही."

"दर आठवड्याला तर पिता!"

"तू करायचीस ना आवर्जून."

"मी तुम्हाला आवडतं म्हणून करत होते. मला कुठे घशाखाली उतरतं!"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. ते सूप त्या घरात पुन्हा झालं नाही.

नव्या कुकीज घेऊन ती रविवारी मुलीसमोर बसली. मुलीने या वेळी आधी वास घेतला, मग छोटासा तुकडा तोडला.

"पहिल्यासारख्या नाहीत," ती म्हणाली. "लोणी कमी आहे ते कळतं." मग तिने अख्खी कुकी उचलली. "पण मी अजून एक घेते."

नवऱ्याला दिवसाला एक, असं ठरलं. त्याने त्यात कधी लबाडी केली नाही, केली असेल तर ती पकडली गेली नाही. बेकरीकाकूचं नाक काही परत आलं नाही. तिने त्याची वाट पाहणंही सोडलं. पीठ बोटांनी जोखायची, कुकी मोडताना होणारा आवाज कान देऊन ऐकायची, आणि बाकीचं नवऱ्याला विचारायची.

त्या सुमारास समोरच्या शेजारणीने केक केला आणि मोठ्या हौसेने तुकडा घेऊन आली. बेकरीकाकू गच्चीत कपडे वाळत घालत होती, नवरा एकटाच घरी होता. शेजारणीने विचारलं, कसा झालाय? त्याने डोळे मिटून नीट चघळलं आणि जे वाटलं ते सविस्तर सांगितलं. शेजारीण ताटली घेऊन तशीच परत गेली आणि नंतर कित्येक दिवस जिन्यात दिसली की मान वळवायची.

"एवढं काय बोललात तिला?" बेकरीकाकूने विचारलं.

"मधोमध कच्चा आहे म्हटलं. आणि अंड्याचा वास येतोय."

"येत होता का?"

"येत होता."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि ओव्हनमधून ट्रे बाहेर काढायला वाकली.