आजीचा जबाब

या सदरात आपण कधी लिहू असं मला वाटलं नव्हतं. भास, भूतखेत, अंगात येणं... माझ्यासमोर कोणी असलं काही काढलं की मी सरळ विचारते, "कागद आहे का?" बाल संरक्षणाचं काम करून करून माणूस असाच होतो. जन्मदाखला, जबाब, अंगठा. कागदावर नाही ते झालंच नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय.

मी ब्राह्मणपुरीची, शहादा तालुका. घरात अहिराणी, ऑफिसात मराठी. माझ्याकडे मोलगीच्या वरच्या पाड्यांच्या केसेस असतात आणि तिथली बोली मला अजूनही चार शब्दांपलीकडे येत नाही. जीप चालवणारे दिलवरदादा हेच माझे दुभाषी. आता गंमत बघा — वर जायला जीप मिळते ती बाजाराच्या दिवशी. आणि बाजाराच्या दिवशी अख्खा पाडा खाली मोलगीत! म्हणजे मी ज्या दिवशी घरी पोचते, नेमकं त्याच दिवशी घरी कोणी नसतं. हे किती मीटिंगांमध्ये सांगून झालं. "नोंद घेतली आहे," एवढंच उत्तर मिळतं.

जमनाची केस अशीच आली. दहा वर्षांची मुलगी. वडील वारलेले, आईने दुसरं घर केलेलं, पोर आजीजवळ. काकाने अर्ज दिला की मी नवापूरला कामाला आहे, हिला घेऊन जातो, तिकडे शाळेत घालतो. माझं काम एवढंच, की घरी जाऊन आजीला भेटायचं आणि तिचं म्हणणं लिहून आणायचं. गेले. बाजाराचा दिवस. दाराला काटेरी फांदी आडवी लावलेली. खाली मोलगीत आले तर काकाच भेटला. म्हणाला, आजी पलीकडे आमचूर विकायला बसलीय, तिची काही हरकत नाही. जीप सुटायला आलेली, अजून तीन भेटी बाकी... मी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं — "आजीशी प्रत्यक्ष बोलणे झाले. नातीला काकाकडे देण्यास हरकत नाही." काका कागद घेऊन गर्दीत शिरला आणि दहा मिनिटांत अंगठा उमटवून घेऊन आला.

हो, जबाब मी आजीला न भेटता लिहिला. वेळ नसला की सगळेच असं करतात, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पटत नाही.

काही महिन्यांनी कळलं, नवापूरच्या त्या शाळेत जमना नावाची मुलगी आलेलीच नाही. काकाचा फोन बंद. मी पत्र दिलं, स्मरणपत्र दिलं, गाडी मागितली. गाडी उपलब्ध नाही. नवापूर तुमच्याकडे येत नाही. साहेब मीटिंगला गेलेत. असं करता करता पुन्हा कैऱ्यांचे दिवस आले. मी घरात भांडी आपटायला लागले होते. शेवटी दिलवरदादाच म्हणाले, "ताई, बाजार नही ते काय झायं? मी गाडी काढस. चला."

पाड्याच्या अलीकडे नाल्यापाशी टायर बसला. ते टायर बदलत राहिले, मी एकटीच चढून गेले. सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन. त्या घराच्या अंगणात एक म्हातारी कैऱ्या चिरत बसली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"पोर नवापूरले शे. कोंबड्यास्ना शेडमा. पुढला दारे इचारशी तं नही म्हनतीन. मांगथीन जाय. तिले मन्हाकडे लई ये."

मी विचारलं, "तुले कोनी सांगं?"

"ते नको इचारू. लिखी ले."

पोर नवापूरला कोंबड्यांच्या शेडमध्ये आहे, पुढे विचारलंस तर नाही म्हणतील, मागून जा, तिला माझ्याकडे घेऊन ये — मी डायरी काढून शब्द न् शब्द लिहून घेतलं. शाईचं पॅड पुढे केलं. तिने चिकाने काळा पडलेला अंगठा पदराला पुसला आणि नीट दाबला. जितक्या सहज मी आईशी बोलते तितक्याच सहज हे झालं. इतकं, की दुभाष्याशिवाय बोलतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

खाली येऊन दिलवरदादांना सांगितलं, "आजीने पत्ता दिला." त्यांचा पाना हातातच राहिला. "कोन आजी? ताई, ती डोकरी जनमथीन मुकी शे. ऐकत बी नही."

मला रागच आला. म्हटलं, चला वर. गेलो. तीच म्हातारी, त्याच कैऱ्या, अंगठ्याला निळी शाई. दिलवरदादांनी हातवारे केले तशी ती हसली. मी तिच्या पाठीमागे जाऊन जोरात टाळी वाजवली. मान हलली नाही. समोर येऊन हात जोडून म्हटलं, "आजी, आते बोल ना." ती नुसती माझ्या ओठांकडे बघत राहिली. आणि बोलता येत असतं, तरी अहिराणी कुठून आणणार होती? ती मोलगीच्या पुढे कधी उतरलेलीच नाही.

तेव्हा घाबरायला सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी पोलिसांना घेऊन नवापूर गाठलं. आजीने काही नाव सांगितलं नव्हतं, म्हणून शेड एकेक करत बघत गेलो. चौथ्या ठिकाणी मॅनेजर म्हणाला, "मॅडम, हमारे यहाँ कोई बच्चा नहीं." मी त्याच्याशी वाद न घालता मागच्या फाटकाकडे गेले. तिथे जमना अंड्यांचे ट्रे धूत होती. हातांची सालं निघालेली. मी कोण, हे तिने विचारलंच नाही. विचारलं, "आजी कुठंय?" तू इथे आहेस हे आजीला कोणी कळवलं होतं का, असं मी विचारलं, तर माझ्याकडे वेड्यासारखी बघत म्हणाली, "तिला कोण सांगेल? तिला ऐकू येत नाही."

जमनाला आजीकडेच जायचं होतं. त्यासाठी बालकल्याण समितीला आजीची संमती हवी. आणि फाइलमध्ये आजीचा जबाब होता ना... माझ्याच अक्षरातला, काकाकडे द्यायला हरकत नाही म्हणून. मी लेखी दिलं की तो खोटा आहे. कारणे दाखवा नोटीस आली, ती यायलाच हवी होती. पण संताप याचा येतो, की जन्मापासून मुक्या बाईशी "प्रत्यक्ष बोलणे झाले" हे वाक्य सगळ्या टेबलांवरून बिनबोभाट पुढे गेलं, आणि जे तिने खरंच सांगितलं ते मी कुठल्या तोंडाने पुढे ठेवणार? ते डायरीतच राहिलं. कोणाला दाखवलं नाही. दिलवरदादांनाही मी शपथ घातली.

शेवटी खुणांच्या भाषेचे एक शिक्षक मिळाले. समितीच्या मॅडम, शिक्षक, जमना, मी, सगळे वर पाड्यावर गेलो. आजीने जमनाचे सोललेले हात उलटेसुलटे करून पाहिले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. मला तिथे उभं राहवेना. शिक्षकांच्या खुणा आजीला कळेनात, आजीच्या त्यांना. आजी आणि नात यांच्या खुणा घरच्याच, दोघींपुरत्या. मग जमनाला मध्ये बसवलं. मॅडमनी प्रश्न तीन वेळा फिरवून विचारला, नात तुमच्याजवळ राहिलेली चालेल का?

आजी वैतागली. भराभर हात हलवले, माझ्याकडे बोट केलं, मग माझ्या पिशवीकडे, आणि अंगठा वर धरला. जमना तिच्या शाळेतल्या मराठीत म्हणाली, "आजी म्हणते, परत परत काय विचारता? या ताईंना मी मागेच सगळं सांगितलंय. त्यांच्या वहीत आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी पोटाशी धरली.

जमना आता आजीजवळ आहे, रोज शाळेत जाते. त्या दिवशी समितीच्या कागदावर घेतलेला आजीचा अंगठा मी डायरीतल्या अंगठ्याशेजारी धरून पाहिला. दोन्हींत सुरीच्या जुन्या वाराची आडवी रेघ आहे. बाजारातून काकाने आणलेल्या अंगठ्यात नाही. तुमच्यापैकी कोणाला याचा उलगडा करता आला तर जरूर करा, मला आजही झालेला नाही. मला एवढंच कळतं, की त्या बाजाराच्या दिवशी मी तिची वाट बघत पाड्यावर थांबले असते, तर तिला बोलावं लागलं नसतं.