वरचा बर्थ

हनोईच्या स्टेशनवर आमची मोटारसायकल मालडब्यात चढवण्याआधी एका माणसाने तिच्या टाकीतलं पेट्रोल नळीने काढून घेतलं. मग तिला पुठ्ठा गुंडाळून दोरीने करकचून आवळलं. इथली रीतच तशी आहे. पण सहा दिवस डोंगरातली वळणं मोकळेपणाने घेतलेली आमची गाडी पाच मिनिटांत नुसतं सामान झाली, आणि मला उगाच स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटलं.

मग माझा नंबर लागला. सहा बर्थच्या त्या कुपेत माझा बर्थ सगळ्यात वरचा, छत नाकापासून हातभर. उठून बसायला गेलो, डोकं आपटलं. आपलंही पेट्रोल कोणीतरी काढून घेतलंय, असं वाटत राहिलं. बाहेर भातखाचरं असतील, नदी असेल. पण खिडकी खाली, बायकोच्या वाट्याला.

"इथून काही दिसत नाही गं," मी कुरकुरलो. "जीव गुदमरतोय नुसता."

खालून ती शांतपणे म्हणाली, "मला सहा दिवस तुझं हेल्मेट दिसत होतं."

सहाही दिवस ती माझ्या मागे बसली होती. तिला गाडी उत्तम येते. पुण्यात ती रोज ऑफिसला गाडीनेच जाते. आणि इथे, चहाला इतक्यांदा थांबलो, तरी 'आता तू घेतेस का?' असं विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

किल्ली अजून माझ्याच खिशात होती. मांडीला टोचायला लागली. काढायला गेलो, तर कोपर छताला अडलं.