अंगठे आले, माणसं नाई

विसरले ना? तुमाले स्वतःचं लगन तरी ध्यानात हाये का?

मी देवळीची आजी. सून लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. आज संध्याकाळी माह्या मालकाच्या, तुमच्या आजोबाच्या, चित्रांच्या घरी भजन होतं. माणसं आली तं घर चालू ठेवू, असं ते घर चालवणाऱ्या ट्रस्टचे साहेब बोलले होते. ग्रुपवर बोलावणं टाकलं, तं तुमी साऱ्यायनं अंगठा धाडला. मले अक्षर येत नाई, जन्मभर अंगठाच देला. देला म्हणजे बांधली गेली, एवढंच मले समजते. म्हणून बागेत मोगऱ्याजवळ सतरंज्या टाकल्या.

भजनवाले रिकाम्या सतरंज्यायसमोर गायले. साहेब म्हणे, "आजी, आता बंद करू. चित्रं नागपूरले नेतो."

मी म्हटलं, "थांबा ना भाऊ, साऱ्यायचे अंगठे आले हायेत."

"अंगठे येऊन बसत नाई, आजी."

मी मालकाची चित्रं टांगलेल्या भिंतीकडं पाहत बसली. तुमीच सांगा, यायचं नव्हतं तं अंगठा काऊन देला?

उद्या सकाळी चित्रं उतरवतीन. आता अंगठा नोका धाडू. झुणका-भाकर धाडजा. उतरवणारे उपाशी असले तं त्यायच्या हातून चित्रं पडतीन.