कुंडीतलं मासळीचं पानी

आमच्या करावे गावात मासळी धुतलेलं पानी कोन गटारात टाकत नाय. ते दारातल्या कढीपत्त्याला जातं, मिरचीला जातं. माजी सासू तसंच करायची, मीबी तेच केलं. कढीपत्ता कसा काळाभोर व्हायचा. मला वाटलं, झाड म्हनजे झाड. गावातलं काय न बिल्डिंगमधलं काय.

नवरा खाडीत जायचा. तो वारल्यावर मी डोक्यावर टोपली घेऊन सोसायट्यांतून मासळी विकली. गुडघे गेले तवा टोपली सोडली. आता सीवूडला एका ताईंकडं भांडी-लादी करते, सातव्या माळ्यावर. ताई महाप्याला हापिसात जातात. घरात अंडंसुद्धा चालत नाय. पहिल्याच दिवशी बोलल्या, "मावशी, डब्यात मासे आणू नका हं." मी बरं म्हनाली.

डब्यात नाय आनले. बाटलीत पानी आनलं.

ताईंची बाल्कनी कुंड्यांनी भरलेली. मोगरा, मनी प्लांट, क्रोटन. एक जास्वंद होती, नुसती काडी. तिची दया आली. सकाळी घरी बोय मासळी साफ केली की तेचं पानी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरायचं, फडक्यात गुंडाळायची, पिशवीत टाकायची. ताई हापिसला गेल्या की कुंड्यांत ओतायचं. तुळशीला मात्र कदी घातलं नाय. म्हनजे मला कळत होतं. बाकीच्या कुंड्यांत घालतानाबी कळत होतं.

महिन्याभरात जास्वंदीला कवळी पानं फुटली. ताई खूष. मीबी मनात खूष. मग मुंग्या आल्या. मग पानाच्या बेचक्यात पांढरं दिसाय लागलं. मला वाटलं कापूस उडून बसला. बोटानं पुसला तर चिकट.

रविवारी माळी यायचा, साताऱ्याकडचा मानूस, पन्नाशीचा. कुंड्यांची माती हलवायचा, खत घालायचा. सोसायटीत पाच-सहा घरं होती तेची. त्या दिवशी तेनं जास्वंदीचं पान उलटं केलं.

"पिठ्या ढेकूण," तो बोलला. "बघा मावशी, पावडर लावून बसलेत, लग्नाला निघाल्यागत."

"मावा का?" मी इचारलं.

"मावा न्हवं. मावा हिरवा नायतर काळा, शेंड्याला दाटी करून बसतो. ह्यो कापसावानी, बेचक्यात लपतो. रस पितो, खाली चिकट गळतं. त्या चिकटासाठनं मुंग्या येत्यात आन् ह्येची राखण करत्यात. पानं लय कवळी झाल्यात, म्हणून ह्येचं फावलंय." मग तेनं मूठभर माती उचलून नाकाला लावली. "ह्या मातीला वास कशाचा?"

ताई आतून आल्या. "तेच मी विचारणार होते. किती दिवस झाले, बाल्कनीत उभं राहवत नाही. काय घालता हो तुम्ही?"

"शेणखत, ताई. चांगलं कुजवल्यालं. त्येला वास येत न्हाय."

"मग हा वास कुठून आला? आणि ही कीड? तुमच्या खतातूनच आली ना?"

तेनं मुठीतली माती परत कुंडीत टाकली. मी झाडू घेऊन दारातच उभी होती. रिकामी बाटली माज्या पिशवीत होती, किचनमध्ये खुंटीला. मी बोलली असती तर माजं काम गेलं असतं, म्हनून तोंड नाय उघडलं. आयुष्यात वादळ बघितलं, घरधनी पोचवला, भीती वाटली नवती. एका फ्लॅटच्या कामासाठी भ्याली.

"पुढच्या रविवारपासून नका येऊ," ताई बोलल्या.

तेनं खुरपं प्यांटीला पुसलं. जाताना मला बोलला, "मावशी, किडकी फांदी कापून पिशवीत बांधून टाका. बाकीचं साबणाच्या पाण्यानं पुसा, पानाच्या खालनं. आठ दिवसांनी परत पुसा, अंडी फुटत्यात. एकदा पुसून जात न्हाय." ज्याच्या पोटावर मी पाय दिला, तो मला शिकवून गेला.

बाटली आनायची बंद केली. वरची माती काढून टाकली. दातांच्या जुन्या ब्रशनं बेचकी घासली, पानं पुसली. चार आठवडे. कीड गेली, मुंग्या गेल्या, वासबी गेला. ताईंनी जास्वंदीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "आमच्या मावशींचा हात गुणाचा आहे," बोलल्या. दुसऱ्या दिवशी पाचव्या माळ्यावरच्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या. "मावशी, आमच्या कुंड्या पण बघा ना. त्या माळीबुवांना आम्ही पण बंद केलं, त्यांच्यामुळे कीड येते असं ऐकलं."

म्हनजे तेचं एकच घर नवतं गेलं.

वर गेली, भांड्यांना हात न लावता सांगितलं. "ताई, तो वास मासळीच्या पान्याचा. मी घालत होती."

ताई आत गेल्या. हात धुऊन आल्या. "माझ्या घरात, मावशी?" एवढंच. मला वाटलं, आता जा म्हनतील. तसं नाय बोलल्या. मला ठेवली. माळ्याला एका शब्दात काढलेला, मला ठेवली. ते जास्त लागलं.

"तेला फोन करा," मी बोलली. "पाचव्या माळ्यावर मी सांगते."

रविवारी तो आला. पानं उलटी करून बघितली. "बरं पुसलंय." मी तेच्या पाया पडाय वाकली, तो मागं सरला. "आवं, काय करताय, आईच्या वयाच्या तुमी."

"भाऊ, तुजं खत चांगलं होतं. पानी माजं होतं."

तो कुंडीच्या कडेला बसला. खुरपं हातातच. "मला वाटलं माझंच खत कच्चं ऱ्हायलं," तो बोलला. "वीस वर्सं हेच करतोय, तरी वाटलं. गावाकडनं आणल्याली दोन पोती होती. फेकून दिली."

तो उठला न मोगऱ्याची माती हलवाय लागला. मी आत जाऊन तेच्यासाठी चहा टाकला.