ठराव होईपर्यंत साबण ओतू नये

काकूंचा साबणाचा कारखाना उत्तम चालला होता, म्हणून मी त्याची संस्था करायचं ठरवलं.

कारखाना म्हणजे देवळीतल्या आमच्या घरामागचं टिनाचं छप्पर, लग्नाच्या जेवणावळीतली एक दांडगी कढई, लाकडी साचे आणि भागाबाई. काका गेल्यावर काकूंनी वर्ध्याला राहून निंबोळीच्या तेलाचा साबण करणं शिकून घेतलं होतं. परत आल्या आणि कोणालाही न विचारता त्यांनी कढई मांडली. काकू ढवळायच्या दांड्यावरून ओघळणारी धार बघून ओतायची वेळ सांगायच्या, भागाबाई ढवळायची, साबण व्हायचा आणि आठवडी बाजारात संपायचा. ना अध्यक्ष, ना उद्दिष्टं, ना नियमावली! मी नुकताच नागपूरहून राज्यशास्त्र घेऊन बी. ए. होऊन आलो होतो. असलं अराजक मला बघवेना.

शिवाय दिवसच तसे होते. पन्नास साल नुकतंच मागं पडलं होतं, देशाला नवी घटना मिळाली होती. आमच्या जिल्ह्यात ज्याच्या डोक्यावर टोपी होती त्याच्या नावावर एक संस्था होती. (ज्यांच्याजवळ धुवायला दुसरी टोपी होती, ते जिल्हा पातळीवर होते.)

अशात काकूंना वर्ध्याच्या एका मुलींच्या वसतिगृहाकडून पत्र आलं. तिथल्या मुख्य बाई स्वतः येऊन साबण कसा होतो ते पाहणार होत्या. पसंत पडलं तर दर महिन्याला दोनशे वड्या!

"हे जमलं न वसंता," काकू म्हणाल्या, "तं भागाबाईसारख्या आणखी चार जणींले काम देता येते. अन् मले या घरात कोणाच्या तोंडाकडं पाहा लागत नाई."

हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की ते किती मोठं आहे हे माझ्यासारख्या सुशिक्षित माणसाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. मी म्हणालो, "काकू, एवढ्या मोठ्या बाई येणार आणि आपल्याकडे अध्यक्षसुद्धा नाही?"

"साबणाले अध्यक्ष काहाले लागते?"

या प्रश्नाचं उत्तर मी बत्तीस कलमांत दिलं.

अध्यक्ष आबा, म्हणजे माझे वडील. ते निवृत्त हेडमास्तर होते आणि निवृत्तीनंतर अध्यक्षस्थानावाचून त्यांची तब्येत उतरत चालली होती. उपाध्यक्ष शेजारचे गुलाबराव. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते आणि त्यांच्याकडे सभेला लागणारी सतरंजी होती. चिटणीस मी. काकूंना मी सभासद केलं. भागाबाईलाही करणार होतो, पण तिनं तिथल्या तिथं राजीनामा दिला. "मी ढवळाले येतो बापू, सभासद व्हाले नाई!"

सातवं कलम माझं फार आवडतं होतं : कोणतंही काम सभेच्या मंजुरीशिवाय होणार नाही. अकरावं त्याहून बाणेदार : सभेत समक्ष हजर नसलेल्या सभासदाचं मत ग्राह्य धरलं जाणार नाही.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. काकूंना आबा भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यांसमोर उभं राहायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं तर मुळीच नाही. आबा मागच्या अंगणात आले की काकू पदर ओढून दाराआड व्हायच्या. लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती, पण आबांनी काकूंचा आवाज ऐकला नव्हता. साबणातलं कळणारी घरात एकच बाई, आणि मी अध्यक्ष असा निवडला की त्याच्यापुढे तिला तोंड उघडता येऊ नये! बत्तीस कलमं लिहिताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. राज्यशास्त्रात भासऱ्यांवर प्रकरण नव्हतं.

बाई यायच्या त्या दिवशी ऊन असं होतं की कावळेसुद्धा आ वासून बसले होते. चारच्या मोटारीनं बाई येणार होत्या. काकूंनी हिशेबानं तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घातलं होतं, भागाबाई ढवळत होती. बाईंच्या डोळ्यांदेखत पहिला साचा भरायचा, असा काकूंचा बेत. मी तीन वाजता मागच्या ओसरीवर सभा बोलावली. विषय एकच : वडीवर शिक्का कोणता असावा? काकू दाराआड उभ्या राहिल्या.

आबा खाकरून उभे राहिले. "बंधुभगिनींनो..." (भगिनी एक दाराआड, दुसरी कढईपाशी.) "हा कढईचा खडखडाट आधी बंद करा. सभा सुरू आहे."

भागाबाईनं हात थांबवला. दाराआडून बांगड्या वाजल्या आणि काकूंची कुजबुज आली, "वसंता! ढवळणं थांबवू नोको म्हणा. ऊन लय हाये, लवकर धरते ते!"

मी उठलो. "अध्यक्षमहाराज, एका सभासदाचं म्हणणं आहे की—"

"सभासद हजर आहे?"

"दाराआड आहे."

"अकरावं कलम," आबा म्हणाले. मी खाली बसलो. आपलंच कलम आपल्याच अंगावर चालून आलेलं बघायला फार बरं वाटत नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त!

गुलाबराव म्हणाले, "माहं म्हणणं हाये, शिक्क्यात चाक पाह्यजे. चाक म्हणजे प्रगती."

"साबणावर चाक?" आबा म्हणाले. "लोक म्हणतील बैलगाडीचं वंगण आहे! कमळ ठेवा."

"कमळ चिखलात उगवते मास्तर. साबणावर चिखल?"

"गुलाबराव, कमळाच्या पावित्र्यावर आपण शंका घेत आहात!"

"मी कमळाले काई म्हणून नाई राह्यलो, मी तुमाले म्हणून राह्यलो!"

अंगणातून भागाबाई ओरडली, "घट्ट होऊन राह्यलं ओ बापू! ओतू का साच्यात?"

"ठराव होईपर्यंत थांब!" मी खडसावलं. सातवं कलम.

दाराआड आता बांगड्या नव्हे, कडी वाजत होती. "वसंता, पिठल्यावानी झालं असंन आता! ओता म्हणा!" मी बोट ओठांवर ठेवून दाराला गप्प केलं. आबांनी तडजोड सुचवली : कमळाच्या मध्यभागी चाक. गुलाबरावांनी उपसूचना मांडली : चाकाच्या मध्यभागी कमळ. मतं घेतली, एकास एक पडली. निर्णायक मत चिटणिसाचं! मी उठलो, टोपी सरळ केली आणि लोकशाहीत निर्णायक मताचं महत्त्व काय यावर (थोडक्यात, वीस मिनिटं) बोललो.

"मी निघाली," भागाबाईचा आवाज आला. "आता मोकळीच हावो मी."

आम्ही वळून पाहिलं. भागाबाई कढईपासून चार हात दूर, कमरेवर हात ठेवून उभी होती. आणि तिनं सोडून दिलेला दांडा कढईच्या मधोमध ताठ उभा होता! गुलाबरावांनी जाऊन तो हलवला. दांड्याबरोबर कढईही हलली. दोनशे वड्यांचा साबण एका वडीत तयार झाला होता.

मग दार उघडलं.

काकू बाहेर आल्या. पदर डोक्यावर होता, पण डोकं खाली नव्हतं. त्या सरळ ओसरीवर अध्यक्षांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मोठे भाऊजी, उठा!"

आबा उठले. हेडमास्तर म्हणून तीस वर्षं त्यांनी हाच शब्द दुसऱ्यांवर वापरला होता. तो ऐकल्यावर काय करायचं असतं हे त्यांना पाठ होतं.

"अजून नरम हाये, पण घडीभरच. गुलाबभाऊ, कपडे वाळवाची तार काढा, वड्या कापाले. भाऊजी, तुमी कढईचा तिकडला कान धरा, सतरंजीवर पालथी घाला. भागे, गोणपाट दे सगळ्यांच्या हाताले. उघडा हात कोणी लावू नोका, कच्चा साबण हाये, सोलून काढते!"

अध्यक्षांनी कान धरला, उपाध्यक्षांनी तार सोडली. कढई उपडी झाली आणि भला मोठा पिवळट घुमट, दांड्यासकट, सतरंजीवर येऊन कलंडला. मला वाटलं, आता तरी चिटणिसानं काही केलं पाहिजे. मी धावलो आणि दोन्ही उघड्या हातांनी घुमटाला मिठी घालून दांडा उपसला.

"आता याले काय करू बाप्पा मी!" काकूंनी कपाळावर हात मारला. पुढचा अर्धा तास मी बादलीत हात बुडवून अंगणाच्या कोपऱ्यात बसलो होतो, त्यामुळे मला सगळं नीट दिसलं.

आबांनी धोतर खोचलं होतं. तारेचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं गुलाबरावांच्या. काकू बोटानं रेघ दाखवत होत्या. "सरळ ओढा भाऊजी. वाकडं काऊन चाललं? वर्गात रेघा अशाच मारत होते काय?"

"नाही हो सूनबाई," आबा म्हणाले. चौदा वर्षांत पहिल्यांदा उत्तर द्यायची संधी मिळाली, आणि ती माफीनाम्यात गेली!

एवढ्यात मोटारीनं उतरलेल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. समोर घामाघूम दोन पुरुष, त्यांना दटावणारी एक विधवा, कोपऱ्यात बादलीत हात घातलेला एक टोपीवाला. वड्या कुठे तिकोनी, कुठे चौकोनी, शिक्का एकीवरही नाही.

"इथले प्रमुख कोण?" बाईंनी विचारलं.

आबांनी तार खाली ठेवली, काकूंकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाले, "सांगू का?"

बाई हसल्या. त्यांनी एक तुकडा फडक्यानं उचलला, वास घेतला, नखानं खरवडून पाहिला. "शिक्का नाही?"

"शिक्का पहिल्याच धुण्यात जाते बाई," काकू म्हणाल्या. "साबण महिनाभर पुरते. पण अजून कच्चा हाये, तीन हप्ते सुकू द्या लागंन. आज मागितला तरी मी देत नाई."

येणाऱ्या पाहुण्याला 'देत नाई' म्हणणारी माणसं संस्थेत कधीच टिकत नाहीत; कारखान्यात मात्र टिकतात, असं दिसलं. बाईंनी तिथंच उभ्याउभ्या दरमहाचं कबूल केलं, आणि दोनशेचे अडीचशे केले.

माझ्या दोन्ही तळव्यांची सालटं निघाली. डॉक्टरांनी मनगटापर्यंत पट्ट्या बांधल्या. तीन आठवडे मला लेखणी धरता येईना. त्यामुळे सभेची सूचना निघाली नाही, इतिवृत्त लिहिलं गेलं नाही आणि एकही ठराव झाला नाही. त्या तीन आठवड्यांत काकूंनी चार बाया कामावर घेतल्या, दुसरी कढई मांडली आणि माल दुप्पट काढला.

पट्ट्या सोडायच्या दिवशी काकू मुद्दाम माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी माझे तळवे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "छान! आता खुशाल लिहा."

काकू घाईघाईनं पुढं झाल्या.

"डॉक्टरसाहेब, आणखी महिनाभर राहू द्या न!"